लाल दोऱ्याचा वाडगा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका दुकानात चला. दार ढकललंत की वर टांगलेली घंटी वाजेल. पाठीवर दप्तर असेल तर ते दाराशीच काढून ठेवा आणि कोपरं अंगाशी धरा, कारण आत चारी भिंतींना फळ्या आहेत आणि प्रत्येक फळीवर काच आहे. वाडगे, तबकं, साखरेची भांडी, लोण्याच्या बशा, आपापल्या भांड्याला मुकलेली झाकणं. खिडकीतून ऊन आलं की समोरच्या भिंतीवर प्रकाशाचे ठिपके नाचायला लागतात आणि माणसाला वाटतं, आपण एखाद्या मोठ्या थेंबाच्या पोटात उभे आहोत.

आता त्या काचेच्या मधोमध एक मुलगी उभी आहे असं समजा. तिच्या हातात एक वाडगा आहे. वाडगा छान आहे, धडधाकट आहे, त्याला कुठं टवकासुद्धा उडालेला नाही. आणि नेमकं तेच बघून ती घाबरलीय.

धडधाकट वाडगा बघून कुणी घाबरतं का? घाबरतं. कसं, ते कळायला आपल्याला आदल्या संध्याकाळपर्यंत मागं जावं लागेल.

त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी उभं राहणं तिला जमायचंच नाही. जेवताना ती खुर्चीवर तिरकी बसायची, म्हणजे उठायला सोपं. गोष्ट ऐकताना शेवट आधी विचारायची. दुकान तिच्या मावशीचं होतं आणि शाळा सुटली की भिंगरी तिथंच असायची. पळायचं नाही, एवढी एकच अट मावशीने घातली होती. भिंगरी पळायची नाही, पण चालायची अशी की फळ्यांवरची झाकणं किणकिणायची.

मावशी जुनी काच ओळखायची. लोक घरात सापडलेली भांडी तिच्याकडे घेऊन यायचे. हे कधीचं, कसं बनवलेलं, खरं की नंतरची नक्कल, ठेवावं की विकावं, हे ती सांगायची. तिचा जीव होता तो साच्याच्या काचेवर. वितळलेली काच लोखंडी साच्यात ओतायची, वरून दट्ट्याने दाबायची, की नक्षीसकट भांडं तयार. हातानं कापलेल्या महागड्या काचेची ही साध्या घरातली बहीण, असं मावशी म्हणायची. दागिने नसले तरी नाकीडोळी नीटस.

त्या संध्याकाळी मशीनकाकू आल्या होत्या. मशीनकाकू त्याच रस्त्याच्या टोकाला, वरच्या मजल्यावर राहायच्या आणि दिवसभर शिलाई मशीन चालवायच्या. त्यांच्या कडेवर त्यांचा नातू होता, दोन दात आलेला आणि बाकीचे यायची वाट बघणारा. त्याला सगळे बोळकोबा म्हणत. बोळकोबाचं आणि भिंगरीचं फार जमायचं. ती दिसली की तो खिदळायचा आणि हातात जे असेल ते तिच्या दिशेने फेकायचा. चेंडू, मोजा, अर्धं बिस्किट. भिंगरी ते झेलायची आणि परत फेकायची. हा त्यांचा ठरलेला खेळ होता.

काकूंनी पिशवीतून एक वाडगा काढला. चारी बाजूंनी हिऱ्यांच्या टोकांसारखी नक्षी, मध्ये मोठं सूर्यफूल.

"माझ्या आईचा आहे," काकू म्हणाल्या. "काय आहे ते एकदा नीट सांगा बाई. जाऊबाई म्हणतात, बाजारातला भंगार माल आहे."

"जाऊबाईंना काच कळते का?" मावशीने विचारलं.

"त्यांना सगळंच कळतं."

मावशी हसली. तिने वाडगा पांढऱ्या कागदावर ठेवला, फिरवला, नक्षीवरून अंगठा नेला. "हात लावून बघ," ती भिंगरीला म्हणाली. भिंगरीने बोट टेकवलं. टोकं टोचली. "साचा नवा असताना नक्षी अशी टोचरी उठते. साचा झिजला की टोकं बोथट होतात, साबणाची वडी वापरून गुळगुळीत होते तशी. हा पहिल्या दिवसांतला आहे. ही बघ साच्याच्या सांध्याची रेघ, वरपर्यंत जाता जाता विरलीय. कडेला शेवटचा जाळ दाखवून ती गुळगुळीत केली आहे. मन लावून केलेलं काम आहे हे." मग तिने वाडगा उलटा केला. "आणि तळ बघ. रोज टेबलावर सरकवलेलं भांडं खालून झिजतं. ओरखडे दिसतात ना? फक्त ओरखडे आहेत एवढ्यानं भागत नाही हं, कसले ओरखडे, ते—"

पण तोवर भिंगरी बोळकोबाने फेकलेला मोजा आणायला दाराशी पोचली होती. पुढचं वाक्य काकूंनी ऐकलं आणि लगेच विसरल्या.

"विकलात तर हौशी लोक दाराशी येतील," मावशी शेवटी म्हणाली.

"विकायला कुठं आणलाय," काकू म्हणाल्या. "माझ्या आईने मला ह्यातच भरवलं. आता हा पठ्ठ्या ह्यातच खातो. नुसतं खात नाही, चमच्याने नगारा वाजवतो."

"वाजवू दे. भक्कम आहे. फक्त गरम काही घालू नका. आजची रात्र ठेवून जा, खाचांमधला मळ काढून देते."

काकू गेल्या आणि थोड्याच वेळात मावशीने टेबलाखालून एक खोकं ओढलं. त्या दिवशीच कुणीतरी भांड्यांचा ढीग विकून गेलं होतं. ढिगातून मावशीने हुबेहूब तसाच एक वाडगा काढला. तेच हिरे, तेच सूर्यफूल.

"अगं बाई, जुळा भाऊ," भिंगरी म्हणाली.

"थांब. भाऊ कसा आहे ते आधी बघू."

खिडकीच्या काचेवर मावशीने एका काळ्या चष्म्याची काच चिकटवून ठेवली होती. होडीवरची माणसं पाण्याची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून घालतात, तसल्या चष्म्याची. दुसरा तसाच चष्मा तिच्या ड्रॉवरमध्ये असायचा. तो डोळ्यांसमोर आडवाउभा फिरवला की एका ठिकाणी खिडकीवरची काच मिट्ट काळी दिसायची. मग मधे भांडं धरायचं. भांडं नीट असेल तर काळोख तसाच राहतो. काकूंचा वाडगा धरला तेव्हा तसाच राहिला होता.

जुळा भाऊ मधे धरला आणि भिंगरीने श्वास रोखला. काळोखात उजेडाच्या शिरा पेटल्या. कडेला पिवळ्या, तळाशी निळ्या-जांभळ्या, सूर्यफुलाच्या मधून एक पांढरा लखलखीत फाटा.

"किती सुंदर आहे हे," ती म्हणाली.

 मावशीने वाडगा तान्ह्या बाळासारखा खाली घेतला आणि भुश्शाने भरलेल्या लाकडी पेटीत ठेवला. मग त्याच्या गळ्याशी लाल दोरा बांधला.

"साच्यातून निघालेली काच बाहेरून आधी निवते, आतून मागाहून," ती म्हणाली. "म्हणून तिला लांबलचक भट्टीतून हळूहळू, धीर धरून निववायची असते. कुणी घाई केली की बाहेरचा भाग आणि आतला भाग एकमेकांना ओढत बसतात. एका पांघरुणातली दोन भावंडं बघ, दोघं आपापल्या बाजूला खेचतात. वरून सगळं शांत दिसतं."

"मग पांघरूण फाटतं?"

"फाटतं. कधी, ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एक दिवस आतून चमच्याचा ओरखडा बसतो." मावशीने भुवईवरून बोट फिरवलं. तिथं केस उगवत नसलेली एक बारीक रेघ होती. "मी शिकत होते तेव्हा असंच एक झाकण फळीवर होतं. कुणी हातही लावला नव्हता. टिक् असा आवाज झाला आणि त्याची खडीसाखर झाली. पलीकडच्या खोलीतल्या बुटांमध्ये तुकडे सापडले. ज्याने विकलाय त्याला दाखवायचा आहे, म्हणून हा वाडगा ठेवलाय. बाकीची कुंडली उद्या मांडू. लाल दोऱ्याला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

त्या रात्री भिंगरीने पांघरूण ओढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मावशी एका बंद पडलेल्या घरातली काच बघायला गेली. जाताना म्हणाली, "काकू आल्या की वरच्या फळीवरचा वाडगा त्यांना दे. बास. बाकी कशाला हात नको."

काकू घाईत आल्या. बोळकोबा झोपलाय, शेजारीण बसलीय, उठायच्या आत पोचायला हवं, असं दारातूनच सांगितलं. भिंगरीने वाडगा खाली काढला आणि तिला राहवलं नाही.

"काकू, ह्याचा जुळा भाऊ आलाय आमच्याकडे."

"काय सांगतेस. बघू तरी."

मुलांनो, इथं तुमच्या मनात आलं असेल, नको. तिच्याही मनात आलंच होतं. पण काकूंचे डोळे इतके मोठे झाले होते, आणि मावशीसारखं काही दाखवायची अशी वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. हळू उचलला तर काय होतंय, असं तिने स्वतःला सांगितलं. पेटीतून तिने तो काढला, अगदी हळू. दोन्ही वाडगे शेजारी ठेवले.

"आता डोळे मिटा," ती म्हणाली. तिने लाल दोरा सोडला, वाडगे रुमालाखाली इकडचे तिकडे केले, आणि रुमाल काढला. "ओळखा बघू तुमचा कुठला."

काकूंनी चष्मा वर केला, खाली केला. "अगं, मला माझा नवरा गर्दीत ओळखू येत नाही. तू सांग."

भिंगरी थांबली. खरं तर इकडचे तिकडे करताना तिलाच नक्की राहिलं नव्हतं. पण मावशीने सांगितलेली खूण होती ना. तिने एक वाडगा उलटा केला. तळ जेमतेम पुसट, धुकं बसल्यासारखा. दुसरा उलटा केला. त्याच्यावर ओरखडेच ओरखडे, लांबून दिसतील असे.

"हा तुमचा," ती म्हणाली. "रोज सरकवलेलं भांडं खालून झिजतं. हे बघा केवढे ओरखडे."

"वा ग वा. मावशीची गादी तूच चालवणार." काकूंनी वाडगा टॉवेलमध्ये गुंडाळला, पिशवीत टाकला आणि पायऱ्या उतरून गेल्या.

भिंगरीने उरलेल्या वाडग्याला पुन्हा लाल दोरा बांधला. पेटीत ठेवायच्या आधी तिला वाटलं, ते रंग एकदाच बघावेत. एकदाच, मग ठेवून देऊ. तिने ड्रॉवरमधून चष्मा काढला, खिडकीवरची काच काळी होईपर्यंत फिरवला आणि मधे वाडगा धरला.

काळोख तसाच राहिला.

तिने वाडगा फिरवला. मग चष्मा फिरवला. मग चष्मा फुंकर मारून पुसला आणि पुन्हा धरला. ना पिवळी शीर, ना निळी. सूर्यफूल काळोखात गाढ झोपलं होतं.

आता तिने बोट टेकवलं. हिऱ्यांची टोकं टोचली, काल काकूंच्या वाडग्याची टोचली होती तशीच.

भिंग घेऊन तिने तळ बघितला. ओरखडे होते, केसाहून बारीक, हजार दिशांना गेलेले, आणि फक्त त्या कडेवर जिच्यावर वाडगा टेकतो. खोलगट भाग स्वच्छ होता. तिथं टेबल पोचतच नाही, तर झिजणार कसा? आणि मग तिला तो दुसरा तळ आठवला. लांबून दिसणारे ओरखडे, सगळे एकाच दिशेने, कंगवा फिरवल्यासारखे, खोलगट भागातसुद्धा. तो तळ झिजलेला नव्हता. जुना दिसावा म्हणून कुणीतरी पॉलिश पेपरने घासलेला होता. कसले ओरखडे, ते बघायचं. मावशी हेच सांगत होती, आणि भिंगरी मोजा आणायला गेली होती.

आता तुम्हाला कळलं, धडधाकट वाडगा हातात धरून ती का घाबरली होती. हा वाडगा इथं होता, म्हणजे लाल दोऱ्याचा तो काकूंच्या घरी होता.

तिने मावशीला फोन लावला. ड्रॉवरमध्ये काहीतरी गुरगुरलं. मावशीचा फोन तिथंच राहिला होता. काकूंना लावला. घंटा वाजत राहिली. मशीन चालू असलं की काकूंना कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू जात नाही, हे रस्त्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि मशीन चालू आहे म्हणजे बोळकोबा उठलाय, कारण तो झोपलेला असताना काकू ते लावत नाहीत. म्हणजे त्याच्यापुढे काहीतरी खायला ठेवलंय, त्याशिवाय तो काकूंना मशीनवर बसू देत नाही. कशात ठेवलंय, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने वाडगा पेटीत ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि धावत सुटली. चष्मा हातातच राहिला हे तिच्या लक्षात आलं नाही. चांभाराच्या दुकानावरून, औषधांच्या दुकानावरून ती गेली. कुणीतरी म्हणालं, "निघाली भिंगरी." प्रत्येक पावलाला तिला कानात टिक् ऐकू येत होतं. चपलेचा आवाज होता तो.  आपण पोचू आणि आतून रडण्याचा आवाज येईल, असं तिला वाटलं. मग वाटलं, आवाजच आला नाही तर? ते त्याहून भयंकर होतं.

जिना चढताना मशीनची घरघर ऐकू आली. आणि त्या घरघरीच्या मधे मधे दुसरा आवाज. ठण्. ठण् ठण्.

चमचा.

दार नुसतं लोटलेलं होतं. भिंगरीने बोटाने ते ढकललं.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बोळकोबा बसला होता. मांडीत वाडगा, वाडग्यात कुस्करलेलं केळं. एका हाताने त्याने कड घट्ट धरली होती, दुसऱ्या हातात स्टीलचा चमचा होता, आणि तो खाली वाकून, अगदी तोंड वाडग्यापाशी नेऊन, आत चमचा आपटत होता. मागच्या खोलीत काकूंची पाठ दिसत होती. मशीन जोरात चालू होतं.

तिच्या तोंडात हाक आली आणि तिने ती तशीच गिळली. हाक मारली तर तो दचकेल. धावत गेलं तर त्याला वाटेल, खेळ सुरू झाला. आणि खेळ सुरू झाला की हातात असेल ते तो फेकणार. हसत हसत, तिच्याकडे. त्याने तिला ओळखलं तरी पुरे होतं.

ठण्.

त्याने चमचा वर उचलला आणि मान वर केली. दारात कुणीतरी आहे हे त्याला दिसलं. ओठ फाकले, दोन दात दिसले, आणि त्याचे दोन्ही हात वाडग्याच्या कडेकडे गेले.

भिंगरीच्या हातात चष्मा होता. तिने तो डोळ्यांवर चढवला.

मोठा काळा चष्मा. अर्धा चेहरा झाकला गेला. बोळकोबाचं हसू तिथल्या तिथं अडकलं. हे कोण? त्याने मान एका बाजूला कलवली. भिंगरी खाली बसली. धावायचं सोडून हळू हलणं किती अवघड असतं, हे तिला तेव्हा कळलं. नाकावरून घाम ओघळत होता, तो पुसायची सोय नव्हती. ती बसली आणि स्थिर राहिली. ना हसली, ना बोलली, ना हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा भिंगरी दगडासारखी बसली होती.

बोळकोबाने चमचा तोंडात घातला, बाहेर काढला. तिच्याकडे बघितलं. वाडग्याकडे बघितलं. वाडगा एका बाजूला कलंडला. पण तो मांडीवरून सतरंजीवर घसरला, हळूच, केळ्यासकट, आणि उभा राहिला. बोळकोबा ओणवा झाला. त्याला ते काळं, चकचकीत काय आहे ते हवं होतं.

तो रांगत निघाला. चमचा अजून हातात होता, सतरंजीवर घासत येत होता. वाडग्याला लागणार, लागणार, नाही लागला. भिंगरी मनातल्या मनात म्हणत होती, ये, ये, ये, आणि चेहरा तसाच कोरा ठेवत होती. शेवटी चिकट बोटं तिच्या गालाला लागली आणि तिने त्याला दोन्ही हातांनी छातीशी घेतलं. मग वाडग्याकडे आपली पाठ करून, त्याला पोटाशी झाकून, भिंतीच्या कडेकडेने ती मागच्या खोलीत गेली आणि मधलं दार पाठीनेच लोटून घेतलं.

काकू दचकल्या. मशीन थांबलं.

"अगं, तू कधी आलीस? आणि हे डोळ्यांवर काय?"

"काकू, बाहेर जाऊ नका," भिंगरी म्हणाली. पुढचं एकदम येईना. मग आलं ते सगळं उलटसुलट, ओरखडे, लाल दोरा, भट्टी, मावशीची भुवई. "मी चुकीचा दिला. तो तुमचा नाही. तो फुटणार आहे."

"फुटणार आहे म्हणजे? मघापासून तर हा बडवतोय त्याला."

"म्हणूनच."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. काकूंनी पुढे एक प्रश्न विचारला नाही. शिवायला आलेली पाळण्याची जाड कापसाची गादी त्यांनी कोपऱ्यातून उचलली, दार किलकिलं केलं आणि ती ढालीसारखी पुढे धरून बाहेर गेल्या. भिंगरी बोळकोबाला घेऊन आतच उभी राहिली. गादी वाडग्यावर पडल्याचा धप्प आवाज आला. मग काकूंच्या पावलांचा. मग लोखंडी बादलीची कडी वाजली.

"ठेवला बादलीत, गादीसकट," काकू दारातून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता थोडं हसू होतं. "शहाण्या बाळासारखा आहे गं तुझा तो भाऊ. काही केलं नाही त्याने. उगीच माझ्या गिऱ्हाइकाची गादी केळ्यात—"

टिक्.

आवाज अगदी लहान होता. कुणी बोट मोडावं तेवढा. मग गादीच्या आतून सरसर असं काहीतरी झालं, खडीची पिशवी सांडल्यासारखं, आणि बादलीचा पत्रा थोडा वेळ गुणगुणत राहिला.

काकू जमिनीवर बसल्या. बोळकोबा मात्र चष्मा उलटा घालायच्या खटपटीत होता. त्याला ते जमत नव्हतं म्हणून तो रागावला होता.

मावशी आली तेव्हा दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या चांभाराने सांगितलं, पोरगी टोकाकडे पळाली, म्हणून ती तशीच काकूंकडे आली. तिने बादलीत डोकावून बघितलं, गादीचं एक टोक उचललं आणि परत ठेवलं. मग भिंगरीसमोर बसली. भिंगरीला वाटलं, आता बोलणी बसणार. तिला ती हवीच होती. पण मावशीने नुसता तिचा हात हातात घेतला. तो अजून गार होता.

"कशावरून कळलं?" तिने विचारलं.

"काळोख तसाच राहिला. मग टोकं टोचली. मग तळ बघितला." भिंगरी थांबली. "पण तो आधी बघायला हवा होता. तू सांगत होतीस आणि मी गेले होते."

"हो," मावशी म्हणाली. "आणि लाल दोऱ्याचं?"

"ते कळलं होतं. तरी सोडला."

"हो," मावशी पुन्हा म्हणाली. तिने त्यावर साखर पेरली नाही. मग ती म्हणाली, "पेटीला कुलूप हवं होतं. ते मी लावलं नाही."

काकूंनी पाणी आणलं. भिंगरीने पेल्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. पेला काचेचा होता. मावशीच्या ते नजरेतून सुटलं नाही. तिने स्टीलचं भांडं मागून घेतलं.

"काकूंचा वाडगा अजून आपल्याकडेच आहे," भिंगरीचं पाणी पिऊन झाल्यावर मावशी म्हणाली. "तो पोचवायला हवा. कोण आणतंय?"



"मी आणते," भिंगरी म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

दोघी दुकानात आल्या. मावशीने पेटी उघडली आणि बाजूला झाली. लाल दोरा बांधलेला वाडगा भुश्शात बसला होता. भिंगरीने हात पुढे केला, मागे घेतला, फ्रॉकला पुसला.

"चष्मा हवा," ती म्हणाली.

"चष्मा बोळकोबाकडे आहे. तो काढून घ्यायला गेले तर सगळा रस्ता गोळा होईल असा रडला." मावशीने खुर्ची ओढून घेतली. "आणि आता दुसरा वाडगा उरलेलाच नाही. चुकायला जागा कुठं आहे?"

"तरी," भिंगरी म्हणाली.

तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. दोरा सोडला. अंगठा नक्षीवरून नेला, एका हिऱ्यावरून दुसऱ्यावर, पूर्ण एक फेरी, आणि प्रत्येक टोक टोचेपर्यंत पुढे गेली नाही. सांध्याची रेघ कुठं विरते ते शोधलं. मग तो उलटा करून भिंग लावलं आणि इतका वेळ तळ बघत राहिली की खिडकीतलं ऊन एका फळीवरून खालच्या फळीवर आलं. मावशीने तिला घाई केली नाही. रस्त्यावर मुलं खेळत होती, तिला हाक मारत होती. तिने मान वर केली नाही.

मग तिने तो टॉवेलमध्ये गुंडाळला, छातीशी धरला आणि दारातून बाहेर पडली. घंटी वाजली. चांभार म्हणाला, "काय गं, आज पाय दुखतात का?"  त्या लांबच लांब रस्त्याने, एक पाऊल पूर्ण टेकल्यावरच दुसरं उचलत, ती चालत गेली.